नवसूभाऊंची चमकी

नवसूभाऊ वरठा यांनी एकदा रजेचा अर्ज प्लास्टिकच्या पारदर्शक पाकिटात घालून आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांपुढे ठेवला होता. साहेबांनी न बघता सही करायला पेन टेकवलं आणि ते घसरत टेबलाच्या कडेपर्यंत गेलं. "थांबा साहेब, मी काढून देतो," असं म्हणत नवसूभाऊंनी खिशातून पांढरा रुमाल काढला, दोन्ही हात पुसले, अर्ज कडांना धरून अलगद बाहेर ओढला. सही झाल्यावर शाई वाळेपर्यंत ते तसेच उभे राहिले. साहेब म्हणाले, फुंकर मारा की. "फुंकरीत ओल असते, साहेब." मग अर्ज पुन्हा पाकिटात गेला. रजा अर्ध्या दिवसाची होती.

मी तेव्हा डहाणूच्या बाजूला एका सरकारी दवाखान्यात परिचारिका होते आणि नवसूभाऊ तिथले एक्स-रे काढणारे. चाळिशी ओलांडलेला, सडपातळ, एकटा माणूस. गाव तलासरी तालुक्यातलं झरी, पण राहायला मसोलीत, आमच्यापासून दोन घरं टाकून एका खोलीत. त्या खोलीत सगळ्या वस्तूंना कवच होतं. कवच हा त्यांचाच शब्द. रेशनकार्डाला कवच, वीजबिलाला कवच, आईच्या एकुलत्या एका फोटोला दुहेरी कवच. लग्नाची पत्रिका द्यायला कोणी आलं तर पाहुण्याच्या देखत ती कवचात जायची आणि मग पाहुण्याला पाणी मिळायचं. "डहाणूची हवा माणसाला चांगली, कागदाला वाईट," असं ते म्हणत. "खारी आहे. कागद वाकडा होतो आणि आपल्याला कळतही नाही."

या सगळ्याच्या मुळाशी पत्ते होते. पत्ते म्हणजे रमीचे नव्हेत. मीही आधी तसंच समजले होते आणि मनातल्या मनात त्यांना नावं ठेवून झाली होती.

झालं होतं असं, की २०१४ साली सरकारी सेवेच्या बॉण्डचं वर्ष पुरं करायला मुंबईहून एक तरुण डॉक्टर आमच्याकडे आले, डॉक्टर निशांत. त्यांच्या बॅगेत स्टेथोस्कोपच्या खाली पत्त्यांचा एक डबा होता. परदेशी खेळ. प्रत्येक पत्त्यावर वेगळं चित्र, कुठे राक्षस, कुठे पंखवाला घोडा, कुठे दगडाचा माणूस. एका कोपऱ्यात हल्ल्याचा आकडा, दुसऱ्या कोपऱ्यात बचावाचा, आणि खाली एक ओळ, की हा पत्ता मैदानात आला तर काय करू शकतो. खेळणाऱ्याने आपली जुडी आपणच जमवायची आणि समोरच्याच्या जुडीशी लढवायची. नवे पत्ते मिळतात ते बंद पाकिटात. आत काय निघेल ते नशीब. एखाद्यात चकचकीत, दुर्मीळ पत्ता निघतो, त्यासाठी लोक जीव टाकतात.

डॉक्टरांना संध्याकाळी बोलायला कोणी नव्हतं आणि नवसूभाऊंनाही नव्हतं. त्या दोघांनी वर्षभर जेवणाच्या सुट्टीत एक्स-रेच्या खोलीत असा काही धुमाकूळ घातला, की बाहेर हात मोडलेले लोक ताटकळत बसायचे. वर्ष संपलं, डॉक्टर मुंबईला गेले, जाताना डबा नवसूभाऊंना देऊन गेले. खेळ राहिला आणि खेळायला माणूस राहिला नाही. मग नवसूभाऊ स्वतःशीच खेळू लागले. उजवा हात एका बाजूने, डावा दुसऱ्या बाजूने. डावा हात बहुतेक वेळा जिंकायचा आणि ते त्यांना मनापासून लागायचं. आमचा रुग्णवाहिकेचा चालक जिग्नेश हे बघून म्हणाला होता, "आ तो छोकराओनी रमत छे, नवसूभाई." नवसूभाऊ शांतपणे म्हणाले, "हो, पोरांचाच खेळ. पण पोरांना येत नाही."

त्यांनी मलाही शिकवायचा प्रयत्न केला. मी दर वेळी काही ना काही काम काढलं. खरं सांगायचं तर मला कंटाळा यायचा.

मात्र त्यांच्या त्या खेळातून आमची कोणाची सुटका नव्हती. सगळ्या स्टाफला त्यांनी आकडे दिले होते. जिग्नेश म्हणजे हल्ला सात, बचाव दोन. साहेब म्हणजे हल्ला तीन, बचाव आठ, आणि खाली ओळ: सहीच्या वेळी मैदानात नसतात. मी माझं विचारलं तर म्हणाले, "बचाव नऊ, रेखाताई." आणि हल्ला? "ते इंजेक्शन घेतलेल्यांना विचारा." मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही.

बंद पाकिटाचा एक्स-रे काढून आतला पत्ता बघत असाल, असं एकदा मी त्यांना टोचलं. त्यांचा चेहरा पडला. "फिल्म सरकारी आहे, ताई." आणि जरा थांबून, "शिवाय शाई दिसत नाही त्यात." म्हणजे विचार करून झाला होता.

एक्स-रे काढताना त्यांचे ठरलेले शब्द असायचे. श्वास घ्या. रोखा. हलू नका. मग आतून खट्ट आवाज यायचा आणि ते म्हणायचे, सोडा. डाव खेळतानाही तेच. मोठा पत्ता टाकायच्या आधी समोर कोणी असो नसो, "श्वास रोखा" असं म्हणून ते तो पालथा धरत, आणि टाकला की "सोडा". फक्त एकदा घोटाळा झाला. आशागडकडचे एक आजोबा छातीच्या फोटोला उभे होते, नवसूभाऊंनी "रोखा" म्हटलं, फोटो काढला आणि कुठला तरी डाव डोक्यात आला म्हणून पुढचं बोलायचे विसरले. आजोबा शिस्तीचे. लाल झाले, मग जांभळे झाले, तरी हलले नाहीत. मी आत गेले म्हणून वाचले. त्या दिवसानंतर पेशंटला "सोडा" म्हणायला नवसूभाऊ कधी चुकले नाहीत.

पुढे ते रविवारी मुंबईला जाऊन स्पर्धा खेळू लागले. निम्म्या वयाच्या कॉलेजच्या पोरांत हा आमचा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून बसायचा आणि जिंकून यायचा. तिथेच त्यांना चमकी मिळाली. आपल्याजवळचे सगळे चकचकीत पत्ते एका पोराला देऊन त्यांनी तो एक पत्ता घेतला. खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं, चमकी हे त्यांनी ठेवलेलं. सोनेरी वर्खाच्या पत्त्यावर दोन्ही हात वर केलेली एक बाई, आणि तिचे पंख थेट पिकलेल्या भाताच्या लोंब्यांसारखे. उजेडात तिरपा धरला की बाई हलल्याचा भास व्हायचा. त्यांनी अख्खी जुडी तिच्याभोवती रचली. बाकीच्या पत्त्यांनी दार उघडायचं आणि चमकीने आत यायचं, असा सगळा बेत.

शर्टाच्या खिशात त्यांच्याकडे अजून एक पत्ता असायचा, कोरा पांढरा. हा त्यांचा स्वतःचा, म्हणजे ते स्वतः काढणार होते तो. वर्षानुवर्षं काढत होते आणि खोडत होते. मी विचारलं की म्हणायचे, "चित्र जमत नाही. छापून आला की दाखवीन." मला हसू यायचं. कोण छापणार होतं?

पण २०१८ च्या पावसाळ्यात ते धावत माझ्या टेबलाशी आले. धावताना मी त्यांना त्या एकदाच पाहिलं. दसरा झाल्यावर मुंबईत मोठी स्पर्धा होती आणि जो पहिला येईल त्याने काढलेला पत्ता कंपनी पुढच्या संचात खरोखर छापणार होती. "जगभर जाणार, ताई. कुठल्या तरी देशातलं कोणी तरी पाकीट फोडणार आणि त्यात तो निघणार." त्यांचे डोळे भरून आले होते. त्या खेळात त्यांचा किती जीव आहे ते मला त्या दिवशी कळलं.

आता प्रश्न आला चमकी सांभाळायचा. पावसाळ्यात मसोलीत भिंतीला हात लावला तरी ओला व्हायचा. नवसूभाऊ दर वर्षी आपला पत्त्यांचा डबा झरीला सोनीबायकडे नेऊन तिच्या भाताच्या कणग्यात पुरून ठेवत. सोनीबाय त्यांची थोरली बहीण. आईबाप लवकर गेले, तिनेच त्यांना वाढवलं. शेणाने लिंपलेल्या कणग्यात, कोरड्या भाताच्या पोटात, पत्ता वाकडा होत नाही, हा त्यांचा अनुभव होता. त्या वर्षी मात्र त्यांना चोराची भीती वाटू लागली. झरीत, सोनीबायच्या घरात, पत्त्यांचा चोर. म्हणून त्यांनी डबा वर ठेवला आणि चमकी एकटी खाली, खांद्यापर्यंत हात घालून, घरात कोणाला न सांगता. प्लास्टिकला घाम येतो म्हणून माझ्याकडून ड्रेसिंगचं गॉज मागून नेलं आणि त्यात ती गुंडाळली. "डबा कोणी नेईल, ताई. भात कोण उपसतंय?"

भात सोनीबाय उपसणार होती, रोज, शिजवायला. पण त्यातल्या त्यात बरं एवढंच, की ती वरून काढत असे आणि नवसूभाऊंच्या हिशेबाने दसऱ्यापर्यंत तळ यायचा नव्हता. त्यात त्या साली चैत्रात सोनीबायचा नवरा गेला. दिवसकार्याला, मग पाहुण्यारावळ्यांना भात जास्त गेलं असणार. नवसूभाऊंच्या डोक्यात हे आलं नाही. त्यांच्या डोक्यात दुसरीच काळजी होती. नवरा गेल्यापासून सोनीबाय बोलत नव्हती. कामं करायची, जेवायला वाढायची, पण तोंडातून शब्द नाही. देवाचा दिवा लावायचा बंद झाला. नवसूभाऊ दर शनिवारी जाऊन ओट्यावर तिच्याशेजारी बसायचे आणि परत यायचे. मी विचारलं की मान हलवायचे. नाही.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी, शनिवारी, झरीच्या बाजूला आमचं आरोग्य शिबिर होतं. ते आटोपल्यावर जिग्नेशने आम्हा दोघांना सोनीबायच्या घराशी सोडलं आणि तो डिझेल भरायला हायवेकडे गेला. नवसूभाऊ सकाळपासून खुशीत होते. हात दोनदा धुऊन झाले होते, खिशात नवं कोरं कवच तयार होतं.

अंगण सारवलेलं होतं. नवसूभाऊ जागीच थांबले. "सारवलंय," ते हळूच म्हणाले. दारातून सोनीबाय बाहेर आली. उंच, वाळकी बाई, केसांत झेंडूचं फूल.

"ये रं नवसू. बस बाय, तू पण बस. च्या पेशील ना?"

मी नवसूभाऊंकडे बघितलं. त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं.

सोनीबायला आता थांबवणं अवघड होतं. सहा महिन्यांचं बोलणं साठलेलं. शेजारणीची म्हैस, भाताला धरलेल्या लोंब्या, मग नवसूभाऊंचं लहानपण. आश्रमशाळेतून पळून यायचा, डोंगर तुडवत, रडत, पाय चिखलाने भरलेले. लोक म्हणायचे, मार त्याला. "मी काय मारते? पाय धुतले, जेवाया घातला, निजवला. सकाळ झाली का परत पोचवून आले. परत पळून यायचा. परत पोचवला." ती हसली. "असा शिकला हा."

मग ती उठली. "नवसू, आत ये. तुला दाखवायचा हाय."

आत कणगा जवळजवळ रिकामा होता. नवसूभाऊंनी आत वाकून बघितलं आणि त्यांचा हात खिशातल्या कवचावर गेला. पण सोनीबाय त्यांना पलीकडच्या कोनाड्याशी घेऊन गेली. कोनाड्यात दिवा लावलेला होता. दिव्यामागे, भाताच्या छोट्या राशीवर, टेकून उभी केलेली चमकी. हळदीने पिवळी झालेली. कुंकवाचे ओले टिळे कपाळावर, पंखांवर, सगळीकडे, आणि त्यांना चिकटलेले तांदूळ. एक कोपरा तेलाने पारदर्शक झाला होता.

"भात सरत आला," सोनीबाय सांगत होती. "मी म्हटला, घरधनी गेला, आता कणसरी पण गेली. तळाला हात घातला तं ही हाताला लागली. अंधारात चकाकत होती. फडका गुंडाळलेला, तो उंदरांनी खाल्ला सगळा. हिला एक दात नाय लावला. कणसरी हाय, नवसू. आपला घर सोडून नाय गेली ती."

कणसरी म्हणजे धान्याची देवी. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती, पण उद्या सकाळी स्पर्धा होती. असा दुसरा पत्ता एका रात्रीत कुठूनही मिळणार नव्हता. थोडा पुसून, वाळवून, कवचात घालून काही करता येईल का, असं माझ्या मनात आलं आणि मी बोलायला तोंड उघडलं. "अहो, हा तर तुमचा..."

"रेखाताई," नवसूभाऊ वळून न बघता म्हणाले, "श्वास रोखा."

मी खरंच श्वास रोखला.

"उद्या म्हमईला खेळाया जातंस ना?" सोनीबाय म्हणाली. "पाया पड तिच्या. जिंकशील."

नवसूभाऊंनी खिशातलं कवच आणखी आत सारलं आणि कोनाड्यासमोर गुडघे टेकून डोकं जमिनीला लावलं. सोनीबायने अंगठा कुंकवात बुडवला, आधी चमकीला लावला, चांगला दाबून, मग भावाला. मी डोळे मिटून घेतले. मला ते बघवेना.

परतीच्या वाटेवर गाडीत जिग्नेश गाणी लावून होता. विवळवेढ्याचा डोंगर मागे गेला. त्यांच्या मांडीवर पत्त्यांचा डबा होता, चमकीशिवायचा. शेवटी मीच म्हटलं, "सांगायचं ना तिला. तिने दिला असता. कोनाड्यात दुसरं काही ठेवता आलं असतं."

"ती बोलली, ताई," ते म्हणाले.

एवढंच. कपाळावरचं कुंकू त्यांनी पुसलं नव्हतं. आणि "सोडा" म्हणायला मात्र ते त्या दिवशी विसरले.

सोमवारी ते नेहमीच्या वेळेला आले, एप्रन चढवला. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "हरलो. उपांत्य फेरीत." दुपारी डॉक्टर निशांतांचा मला फोन आला. तेही स्पर्धेला गेले होते. "सिस्टर, चमकी का नव्हती त्यांच्याकडे? तिच्या जागी त्यांनी हातात दिवा घेतलेली म्हातारी घातली होती. सगळ्यात हलका पत्ता. तरी उपांत्य फेरीपर्यंत आले. चमकी असती तर जिंकलेच असते." मी म्हटलं, मला काही माहीत नाही. एक्स-रेच्या खोलीत लाल दिवा लागला होता आणि आतून त्यांचा आवाज येत होता, श्वास घ्या, रोखा. मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं, आणि रागही आला. कोणाचा ते सांगता येणार नाही.

दिवाळी झाली. झरीला नवं भात आलं. एके दुपारी नवसूभाऊ माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. हातात पत्ता होता, तोच खिशातला, आता कोरा नव्हता. त्याला कवच नव्हतं. मी आधी तेच विचारलं.

"नको. हिला हात लागू दे," ते म्हणाले.

मी उठून हात धुतले, नीट पुसले आणि पत्ता कडांना धरून घेतला. पेनाने काढलेलं चित्र. उंबऱ्यावर बसलेली एक उंच, वाळकी बाई. शेजारी पाण्याची कळशी. तिच्यासमोर कुठलासा छोटा, दमलेला प्राणी, पाय चिखलाने भरलेले, आणि बाई वाकून ते पाय धुते आहे. हल्ला शून्य. बचावाच्या जागी आकडाच लिहिलेला नव्हता. खाली एक ओळ: हरलेला पत्ता हिच्याकडे येतो, एक डाव विसावतो, मग परत मैदानात जातो.

माझ्या डोळ्यांपुढे ते लहान पोर आलं, डोंगर तुडवत घरी पळून आलेलं. मी बराच वेळ पत्ता खाली ठेवला नाही.

"आता हा छापून यायचा नाही," मी म्हटलं.

"नाही."

"मग?"

"खेळायचाय, ताई." ते टेबलाच्या कडेला बोट घासत होते. "उजव्या हाताने टाकला की डाव्याला आधीच माहीत असतं. समोर कोणी तरी पाहिजे. तुम्हाला वेळ नसतो, मला माहीत आहे. तरी म्हटलं, विचारून बघावं."

बाहेर ओपीडी संपली होती. मी खुर्ची पुढे ओढली आणि टेबलावरचे केसपेपर बाजूला केले. नवसूभाऊंनी समोर बसून मला जुडी वाटून दिली, पत्ते कसे धरायचे ते दाखवलं. मी एकही चूक होऊ नये म्हणून ताठ बसले होते. तो पांढरा पत्ता त्यांनी दोघांच्या मधोमध उघडा ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"रेखाताई," ते म्हणाले, "सोडा आता."